त्रेचाळीस नंबरचा पैलवान

बबन सामंतांचे ते पत्र उत्तम दळवींना शब्दन् शब्द पाठ होते. चार वर्षे झाली होती त्याला. निळ्या अंतर्देशीय पत्रावर, मोठ्या तिरप्या अक्षरांत बबनरावांनी लिहिले होते :

'प्रिय उत्तमराव, स. न. वि. वि. हल्ली मंडळात येत नाही, तब्येत बरी आहे ना? पुस्तिका लोकांना फार आवडली. तुमच्या यादीचा थोडा उपयोग झाला, त्याबद्दल आभारी आहे. आता एकच राहिले. त्रेचाळीस नंबर, दाजी ठोंबरे. सत्तेचाळीस कार्डे जमली, पण हा पैलवान काही हाताला लागत नाही. तुम्ही तो कधी प्रत्यक्ष पाहिला आहे का? पाहिला असेल तर कुठे, कुणाकडे, एवढे कळवा. उत्तराची वाट पाहतो. आपला, बबन.'

उत्तमरावांनी पस्तीस वर्षे गिरगावातल्या छापखान्यांत मुद्रिते तपासली होती. पत्र वाचताना त्यांनी 'थोडा' या शब्दाखाली लाल पेन्सिलीने रेघ मारली आणि समासात प्रश्नचिन्ह काढले. सवयच ती. मग पत्र घडी करून शब्दकोशात ठेवले आणि उत्तर लिहिले नाही.

त्या 'थोडा'मागे तीन वर्षांचे काम होते. सोनकेवडा चहा नावाची एक कंपनी पूर्वी होती. तिने १९५५ साली चहाच्या पुड्यांतून खेळाडूंची चित्रे वाटली होती. पत्त्याएवढे कार्ड, पुढे रंगीत चित्र, मागे माहिती. क्रिकेटवाले, हुतुतूवाले, पैलवान, हॉकीवाले, एक बाई पोहणारी. एकूण अठ्ठेचाळीस. सगळी जमवणाऱ्याला सहा कपबश्यांचा संच बक्षीस. उत्तमराव तेव्हा बारा वर्षांचे होते आणि ठाकूरद्वारच्या चाळीत राहत होते. त्यांनी सत्तेचाळीस जमवली. पुढे आयुष्यभर ती चित्रे त्यांनी सांभाळली, आणि म्हातारपणी त्यांची यादी केली : कोणता नंबर, कोण खेळाडू, मागचा मजकूर काय, कोणत्या कार्डाच्या कोणत्या छपाईत कोणता रंग बदलला. असली यादी कुणी केली नव्हती. तिचा कुणाला काही उपयोग आहे का, याची त्यांना खात्री नव्हती. पण त्यांनी आयुष्यात स्वतःचे म्हणून केलेले काम तेवढेच होते. बाकी सगळे दुसऱ्यांच्या चुका सुधारणे.

भाईंदर पश्चिमेला एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संग्राहक मंडळ भरायचे. नाणीवाले, तिकीटवाले, काडेपेटीच्या छापांवाले, असे बारा-तेरा जण. बबन सामंत मंडळाचे कार्यवाह. औषधांच्या कंपनीतून विक्री अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, मीरारोडला राहणारे, खोलीत शिरले की खोली भरून टाकणारे. त्यांनी यादी वाचायला मागितली. उत्तमरावांनी यादी दिली, आणि वर लहानपणची वहीसुद्धा दिली. पाच महिन्यांनी रविवारी सगळ्यांच्या हातांत एक पुस्तिका होती. मुखपृष्ठावर बबन सामंत. आत उत्तमरावांची यादी, स्वल्पविरामांसकट. शेवटच्या पानावर 'अनेक मित्रांचे साहाय्य झाले.'

"वाचा, वाचा," बबनराव म्हणाले होते. "मुद्रितशोधक आहात, चुका काढा!"

चूक एकही नव्हती. असणार कशी, ती उत्तमरावांनीच दोनदा तपासली होती.

त्यांनी पुस्तिका पिशवीत घातली. रेल्वेच्या फाटकातून चालत नवघरला घरी आले. वासंतीबाई म्हणाल्या, "अहो, तोंडावर विचारायचं होतं."

"काय विचारू? यादी म्हणजे काय, यादीच. माणसाने आपल्या नावाचं एवढं काय घेऊन बसायचं."

असे ते म्हणाले खरे. पण त्या रात्री आणि पुढच्या कितीतरी रात्री त्यांनी मनातल्या मनात बबनरावांना भरसभेत उभे करून असे काही सुनावले, की सगळी सभा माना खाली घालून बसली. सकाळी उठल्यावर सभा नसे.

मग एक दिवस पुस्तिका चाळताना त्यांची नजर त्रेचाळीसवर अडली. 'दाजी ठोंबरे, वाई. वजन दोनशे दहा पौंड. छाती अठ्ठेचाळीस इंच. अद्याप अपराजित.' 'अद्याप अपराजित' वाचून त्यांना हसू आले, आणि हसता हसता ते थांबले.

दाजी ठोंबरे चाळीत तळमजल्यावर राहायचे. गिरणीत हमाल होते. रोज पहाटे अंगणात मुद्गलांची जोडी फिरवायचे आणि पोरांना शेंगदाणे द्यायचे. बारा वर्षांच्या उत्तमकडे सत्तेचाळीस चित्रे होती आणि वहीत त्रेचाळीसची ओळ रिकामी होती. ती रिकामी ओळ त्याला बघवेना. म्हणून एका दुपारी त्याने तिथे दाजींना बसवले. वजन-छाती अंदाजाने. 'अद्याप अपराजित' मात्र खरे होते, कारण दाजींनी जन्मात कुस्ती धरली नव्हती. पंचेचाळीस वर्षांनी उत्तमरावांनी वहीवरून यादी उतरवली, आणि सगळ्यांबरोबर दाजीही उतरले. ही त्यांच्या हातची चूक. आणि बबनरावांनी ती जशीच्या तशी उचलली होती.

बबनरावांचे पत्र आले ते त्यानंतर पंधरा दिवसांनी. आता कळेल, उत्तर का लिहिले नाही.

वर्षभराने उत्तमराव पुन्हा मंडळात जाऊ लागले. बबनरावांनी पाठीवर थाप मारून विचारले, "पत्र मिळालं ना?"

"हो. बघतो."

"बघा बघा. तो पैलवान सापडला की मी संच भिंतीवर लावणार."

"बघतो," उत्तमराव म्हणाले, आणि पुढची तीन वर्षे बघत राहिले.

त्यांच्यासारख्या माणसाला याहून चांगला सूड मिळाला नसता. काही बोलायचे नाही, काही करायचे नाही, फक्त गप्प बसायचे. त्यात त्यांचा हात कोण धरणार? जुनी कार्डे एकेक विकत मिळत नाहीत. दलाल, रद्दीवाले, भंगारवाले सगळा लॉट विकतात. दोनशे-तीनशे कार्डांचा गठ्ठा सुतळीने बांधलेला, सोडून बघायचा नाही, घ्यायचा तर अख्खा घ्यायचा. बबनराव असे लॉट सुरतेहून, पुण्याहून, बडोद्याहून मागवायचे. पुढच्या रविवारी येऊन सांगायचे, "पुन्हा कचरा! सिनेमाच्या नट्या, देवांची चित्रं, आणि आपला दाजी गायब." उत्तमराव सहानुभूतीने मान हलवायचे. आत कुठेतरी गोड काहीतरी पाझरायचे. घरी जाताना ते मुगाच्या लाडवांचा पुडा घेऊन जायचे. वासंतीबाईंना पुड्यावरून कळायचे, की बबनरावांचा आणखी एक लॉट वाया गेला.

पण उत्तमराव तरी सुखाने कुठे बसले होते? एक शंका त्यांना कुरतडत होती. दाजींना आपणच वहीत बसवले, हे नक्की ना? की कुणा मित्राकडे खरे कार्ड पाहून उतरवून घेतले होते? बावन्न वर्षांपूर्वीची दुपार ती. वही हाती असती तर शाई तरी बघता आली असती, पण वही बबनकडे. म्हणून तेही लॉट घ्यायचे. बबन कार्ड सापडावे म्हणून घेत होता, हे ते सापडू नये म्हणून.

नवघर रोडवरचा रद्दीवाला पिंटू त्यांना ओळखून होता. त्याच्याकडे ते गठ्ठ्याचा एक कोपरा उचलून आत डोकवायचा प्रयत्न करायचे.

"काका, लॉट मतलब लॉट," पिंटू ओरडायचा. "चुनके लेना है तो भाजीवाली के पास जाओ. वो भी नहीं देती चुनने."

"सिर्फ देख रहा था."

"देखने से ही तो खराब होता है. ले जाओ, ले जाओ, आपके घर में जगा बहुत है, आंटी बोल रही थी!"

आंटी म्हणजे वासंतीबाई काय बोलत होत्या ते उत्तमरावांना ठाऊक होते. "सगळं जग रद्दी देऊन पातेलं घेतं. आमच्याकडे एक दिवस पातेली देऊन रद्दी येईल."

हॉलमध्ये टीव्हीच्या वर एक फ्रेम लावायची परवानगी होती. तिच्यात बारा कार्डे बसायची. बाकीची पलंगाखाली. नवा लॉट आला की उत्तमराव दार लावून एकेक कार्ड उलटायचे. गठ्ठा संपला आणि दाजी निघाले नाहीत, की मोठा श्वास सोडायचे.

२००७ च्या नोव्हेंबरात बबनरावांचा फोन आला. "उत्तमराव! रविवारी सकाळी अकरा वाजता घरी. वहिनींना घेऊन. सगळं मंडळ येतंय. कारण विचारू नका, आल्यावर कळेल."

बबनरावांचा हॉल उत्तमरावांच्या अख्ख्या घराएवढा होता. समोरच्या भिंतीवर सागवानी चौकट, काच, आत अठ्ठेचाळीस खण, वरून छोटे पिवळे दिवे. एकेक खेळाडू आपापल्या खणात असा झळाळत होता, की उत्तमरावांना आपल्या पलंगाखालच्या खोक्यांची लाज वाटली. सगळ्यात खालच्या ओळीत, डावीकडे, एका खणावर तांबड्या मखमलीचा तुकडा होता.

"मंडळी!" बबनराव म्हणाले. "साडेचार वर्षं या पैलवानाने मला खेळवलं. शेवटी केला की नाही चीत?" आणि त्यांनी मखमल ओढली.

खणात एक मल्ल उभा होता. लंगोट, मिशा, मांडीवर थाप मारलेला हात. खाली अक्षरे : दाजी ठोंबरे.

टाळ्या झाल्या. कुणीतरी विचारले, "कुठे सापडला?"

"भरूचचा लॉट. तीनशे कार्डं, दोनशे नव्व्याण्णव कचरा, आणि तळाशी हे महाराज!" बबनरावांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "अरे, उत्तमराव मागे का? या, या असे पुढे. यांनीही मला पूर्वी थोडी मदत केलीय बरं का. बोला उत्तमराव, तुमची नजर तयार. कसा आहे?"

सगळे वळून बघू लागले. चौकटीशेजारी मागच्या मजकुराची मोठी प्रत लावली होती. वजन दोनशे दहा पौंड. छाती अठ्ठेचाळीस इंच. अद्याप अपराजित. हाच तो क्षण, ज्याच्यासाठी त्यांनी कितीतरी रात्री मनात सभा भरवली होती. सभा समोर होती, माणसे गप्प होती, बबन हात पसरून उभा होता.

"छान आहे," उत्तमराव म्हणाले.

"बस्स! मुद्रितशोधकाने पास केला!" बबनराव हसले. मग मंडळाच्या अध्यक्षांनी जाहीर केले, की येत्या रविवारी मंडळातर्फे सामंतांचा शाल देऊन सत्कार होईल, नगरसेवक येतील, आणि दळवींनी दोन शब्द बोलावेत. बबनरावांच्या पत्नी हंसाबाई सगळ्यांना खरवस वाढत होत्या. वासंतीबाईंना त्यांनी आग्रहाने दोनदा वाढला.

रिक्षा नवघरच्या नाक्याला आली तेव्हा उत्तमराव म्हणाले, "एक तर त्याने कार्ड बनवून घेतलंय, नाही तर मी मूर्ख आहे."

"बनवूनच घेतलं असणार. तुम्हीच म्हणत होता ना, असलं कार्ड नाहीच म्हणून?"

"म्हणत होतो. पण मी तर काहीही म्हणतो."

त्या रात्री त्यांना झोप आली नाही. यादी गेली तेव्हा निदान एक गुपित उरले होते. बबनची धडपड बघण्याचे सुख उरले होते. आज तेही त्याने हिसकावून नेले, आणि वर आपल्याच तोंडून 'छान आहे' वदवून घेतले. आणि खरेच निघाले तर? मग चार वर्षे एका निरपराध माणसावर आपण दात धरून बसलो. मग बबन फक्त यादीचोर, आणि आपण नुसतेच कुजके. उत्तमरावांना पहिल्यांदाच वाटले, की आपल्याला शांती नको आहे, क्षमाही नको आहे. आपल्याला पुरावा हवा आहे, आणि तो मिळाला तर या माणसाला सोडायचे नाही.

सकाळी त्यांनी आपले एक कार्ड भिंगाखाली धरले. मुद्रितशोधक चित्र बघत नाही, खालची बारीक ओळ बघतो. कार्डाच्या मागे, तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत होते : तारांगण लिथो प्रेस, मुंबई ४. त्यांनी जुन्या ओळखीच्या एका खिळेजुळाऱ्याला फोन लावला.

"तारांगण? ती सत्तरच्या आसपास बंद पडली," तो म्हणाला. "मालक वारले. पण फोरमन पक्का माणूस. राघो पाटील. गिऱ्हाइकाने सही केलेला प्रत्येक ताव जपून ठेवायचा. म्हणायचा, उद्या भांडण झालं तर कागद बोलेल. तुमच्याच बाजूला राहायचा की तो, मोरव्याला."

उत्तमरावांनी फोन ठेवला आणि बराच वेळ त्यावरचा हात काढला नाही. छापखान्याची ही रीत त्यांना ठाऊक होती. रंगीत काम छापण्याआधी पहिला ताव गिऱ्हाइकाकडे जातो. तो त्यावर सही-शिक्का मारतो, काही बदल असेल तर समासात लिहितो, आणि तो ताव छापखान्यात राहतो. सोनकेवड्याची अठ्ठेचाळीस कार्डे एकाच तावावर छापली असणार. आठ आडवी, सहा उभी. तो ताव कुठे असेल, तर त्रेचाळीसच्या जागी कोण आहे ते त्यावर दिसेल. दाजी असतील, नाही तर नसतील.

मोरव्याला राघो पाटलांचे घर शोधत फिरावे लागले नाही, पहिल्याच ओट्यावर विचारले तर तेच निघाले. ओट्यावर एक म्हातारी सुकट निवडत होती. ही राघोची बायको सरूबाई.

"कोन तू?"

"मी उत्तम दळवी. नवघरवरून आलोय. राघो पाटील..."

"तो जाऊन नव वर्सं झाली. काय देनं रायलं हाय का त्याचं?"

"नाही, नाही. ते छापखान्यात होते ना, तर जुने नमुने, कागद काही..."

"तो कचरा?" सरूबाईने त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिले. "दोन पेट्या हायेत माळ्यावर. सूनबाई रोज बोलते जालू या, जालू या. तुला काय कराचा हाय?"

"बघायचे होते. त्यातला एखादा..."

"एखादा न्हाय. नेयाचा तं सगला ने. तू चांगला चांगला उचलशील, मग बाकीचा मी कोना घालू?"

पिंटूने शिकवलेले सगळे इथे कामी आले. उत्तमरावांनी न बघता होकार दिला. शेजारच्या माणसाने पेट्या माळ्यावरून उतरवल्या. तिने सांगितले ते पैसे त्यांनी दिले, तर ती म्हणाली, "थांब. एक कागद मी काडून घेनार." पेटीतले हळदीच्या रंगाचे एक कार्ड तिने बरोबर ओढून काढले. "आमच्या लग्नाची पत्रिका. त्यानंच छापली व्हती. मना वाचता येत न्हाय. तू शिकलेला दिसतोस, वाच जरा."

उत्तमरावांनी वाचली. सरूबाई डोळे मिटून ऐकत होती. तिचे नाव आले तिथे तिने मान हलवली, जणू बरोबर आहे म्हणून पास केले. "आता ने," ती म्हणाली.

घरी त्यांनी दार लावले नाही. वासंतीबाई चहाचा कप हातात घेऊनच शेजारी बसल्या. पहिल्या पेटीत लग्नपत्रिका, अत्तराच्या बाटल्यांची लेबले, कॅलेंडरांवरचे कृष्ण. दुसऱ्या पेटीत गुंडाळलेले मोठे ताव होते, सुतळीने बांधलेले. सहावी गुंडाळी उलगडली, आणि उत्तमरावांचे लहानपण जमिनीवर पसरले. हुतुतूवाले, हॉकीवाले, ती पोहणारी बाई. न कापलेले, एकाला एक चिकटलेले, रंग कालच्यासारखे ताजे.

त्यांनी बोटाने मोजले. एकेचाळीस, बेचाळीस. त्रेचाळीसच्या जागी विकेटकीपर होता. विकेटकीपर म्हणजे बारा नंबर. पहिल्या ओळीच्या खाली तो एकदा होताच, इथे पुन्हा होता. समासात निळ्या पेन्सिलीने, गिऱ्हाइकाच्या वळणदार हातात लिहिले होते : '४३ छापू नये. त्या जागी १२ दुबार घ्यावा.' खाली सही, सोनकेवडा चहाचा गोल शिक्का, तारीख ३ मे १९५५.

"म्हणजे?" वासंतीबाईंनी विचारले.

"म्हणजे कुणाचाच संच पुरा होणार नव्हता. कपबश्या कुणालाच द्यायच्या नव्हत्या त्यांना." उत्तमराव तावाकडे बघत राहिले. "विकेटकीपर प्रत्येक पोराकडे दोन-दोन, तीन-तीन असायचा. आम्ही त्याला शिव्या द्यायचो. आई चहा प्यायची नाही, तरी माझ्यासाठी पुडे आणायची."

"म्हणजे तुम्ही बरोबर होता."

ते वाक्य त्यांना कुणी फारसे म्हटले नव्हते. त्यांचे डोळे भरून येतील असे वासंतीबाईंना वाटले. पण उत्तमराव उठले, शब्दकोश उघडला, बबनरावांचे पत्र काढले आणि टेबलाशी जाऊन बसले.

"काय लिहिताय?"

"पत्राचं उत्तर. चार वर्षं राहिलंय."

"बबनरावांना? अहो, फोन करा की. नाही तर समोर जाऊन बोला."

"समोर मी 'छान आहे' म्हणतो. माहीत आहे ना तुला."

"मग मला न्या. मी बोलते."

"नको. कागदावर मला जमतं."

तीन कागद फाडले. पहिला फार लांब होता. दुसऱ्यात 'चोर' हा शब्द आला होता, तो त्यांनी खोडला. वाईट वाटले म्हणून नव्हे, सिद्ध करता येईल तेवढेच ठेवायचे म्हणून. तिसऱ्यात 'खेद वाटतो' असे होते, ते खोटे होते. चौथा असा उतरला :

'प्रिय बबनराव, स. न. वि. वि. आपले १४ ऑगस्ट २००३ चे पत्र मिळाले. उत्तरास उशीर झाला. त्रेचाळीस नंबर मी प्रत्यक्ष पाहिला आहे का, असे आपण विचारले होते. नाही. तो कधी छापलाच गेला नाही. कंपनीच्या सहीशिक्क्याच्या तावाची रंगीत प्रत सोबत जोडली आहे. मूळ ताव माझ्याकडे आहे, कुणालाही घरी येऊन पाहता येईल. दाजी ठोंबरे हे आमच्या चाळीत तळमजल्यावर राहत आणि गिरणीत हमाली करत. त्यांना पैलवान मी केले, वयाच्या बाराव्या वर्षी, माझ्या वहीत. यादी करताना ती चूक माझ्याकडून तशीच राहिली. वही आपल्याकडे आहे, पान काढून पाहावे. आपल्या भिंतीवरील कार्ड कोणी केले, हे मी सांगू शकत नाही. आपण सांगू शकाल. येत्या रविवारी मला दोन शब्द बोलायचे होते, ते हेच. कळावे, उत्तम दळवी.'

वासंतीबाईंनी उभ्या उभ्या वाचले. "आणि हे अकरा लिफाफे?"

"मंडळातल्या बाकीच्यांना. प्रती."

"सगळ्यांना?"

"पुस्तिका सगळ्यांना वाटली होती."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "माणूस मोडेल हो. या वयात. हंसाबाईंनी त्या दिवशी मला दोनदा खरवस वाढला."

उत्तमरावांनी पेन खाली ठेवले. हंसाबाईंचा चेहरा त्यांना दिसला. बबनच्या हॉलमधले ते पिवळे दिवे दिसले. मग भरूचच्या लॉटची गोष्ट सांगणारा त्याचा आवाज ऐकू आला, आणि 'थोडी मदत'.

"खरवस चांगला होता," ते म्हणाले, आणि पुन्हा पेन उचलून लिफाफ्यांवर पत्ते लिहू लागले.

नवघर रोडवरच्या झेरॉक्सवाल्याने तावाच्या बारा रंगीत प्रती काढून दिल्या. अकरा लिफाफे त्यांनी बुधवारी टाकले. बबनरावांचा मात्र एक दिवस ठेवला. त्यात एखादी चूक राहिली असेल, अशी धास्ती होती. रात्रभर पुन्हा पुन्हा वाचले. 'सहीशिक्क्याच्या' यात तर काही खटकत नाही ना? नव्हते खटकत. गुरुवारी सकाळी पुन्हा वाचले, चिकटवले, तिकीट लावले.

पोस्टाच्या पेटीपाशी ते पोहोचले तेव्हा टपाल काढायला अजून पाऊण तास होता. त्यांनी लिफाफा फटीत घातला. अर्धा आत, अर्धा बाहेर. परत घेता येईल, असे मनात आले, आणि अकरा गेलेत, याला आता परत घेऊन काय उपयोग, असेही आले. पण ते कारण नव्हते. कारण हे होते, की त्यांना परत घ्यायचेच नव्हते.

मागे एक बाई हातात एक जाडजूड लिफाफा घेऊन उभ्या होत्या. "काका, टाकताय ना? मला घाई आहे."

"हो, टाकतोय," उत्तमराव म्हणाले, आणि बोटाने ढकलून त्यांनी पत्र आत टाकले.